१९७७: पडद्यावरचा देव आणि अचलपूरची माती

#थ्रेड

१/
साल १९७७. मनमोहन देसाई यांच्या ‘अमर अकबर अँथनी’ या हिंदी चित्रपटात एका अंध आईची दृष्टी साईबाबांच्या मूर्तीसमोर परत येते. मूर्तीच्या नेत्रांतून तेज निघते आणि त्या माउलीच्या डोळ्यांत उतरते. त्याच वर्षीच्या ‘जैत रे जैत’ या मराठी चित्रपटात देवाच्या डोंगरावर श्रद्धा ठेवणाऱ्या ठाकर नायकाचा एक डोळा मधमाशीच्या दंशाने जातो. तो डोळा कोणताही देव परत देत नाही.

२/
त्याच वर्षी आणखी एक मराठी चित्रपट आला: राजदत्त दिग्दर्शित ‘देवकीनंदन गोपाला’. त्याचे नायक संत गाडगेबाबा. या दोन्ही मराठी चित्रपटांची नाळ वऱ्हाडातल्या एकाच मुलखाशी, म्हणजे अचलपूर-परतवाडा परिसराशी, जुळलेली आहे. देव पडद्यावर दाखवायचा कसा, आणि दाखवायचा की नाही, या प्रश्नाचा हा इतिहास.

३/
प्रथम भूगोल. अचलपूर हे वऱ्हाडातील फार जुने नगर. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी प्राकृताचे व्याकरण लिहिताना वर्णांच्या अदलाबदलीचे उदाहरण म्हणून या गावाच्या नावाची नोंद घेतली आहे: अचलपूरचे लोकांच्या तोंडी अलचपूर झाले. पुढे त्याचेच एलिचपूर झाले. शेजारचे परतवाडा हे इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलेले गाव. आज ही दोन्ही जुळी शहरे मानली जातात.

४/
१९०५ पर्यंत एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये तो अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव येथे परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला, तेव्हा हा परिसर एलिचपूर जिल्ह्यात मोडत असे. हेच पुढे गाडगेबाबा झाले.

५/
याच जिल्ह्याने मराठीला तिचा आद्य गद्यग्रंथ दिला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या भागात वावरले. ‘लीळाचरित्रा’त अचलपूरचा उल्लेख आळजपूर असा येतो. त्यांचे गुरू गोविंदप्रभू जवळच्या रिद्धपूरचे. स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपुरात नागदेवाचार्यांच्या सहवासात, प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून विचारून, एकेक आठवण लिहून काढली.

६/
या ग्रंथामागे एक स्पष्ट तत्त्वज्ञान आहे. महानुभावांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगवेगळे पदार्थ आहेत. गावोगावच्या देवता परमेश्वर नव्हेत आणि त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. परमेश्वर मनुष्यरूपाने येतो, माणसांत वावरतो, जेवतो, बोलतो, निघून जातो. मागे उरते ते स्मरण. म्हणून तो कोठे बसला, कोठे निजला, काय म्हणाला, हे जपायचे.

७/
‘लीळाचरित्रा’तील लीळा वाचताना आजच्या वाचकाला पटकथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक लीळेला स्थळ आहे, पात्रे आहेत, संवाद आहेत, एक घटना आहे. वर्णनाचा फापटपसारा नाही. देवाची कथा सांगायची तर तो दिसला कसा आणि बोलला काय एवढेच सांगावे, ही शिस्त या मातीत सातशे वर्षांपूर्वी घातली गेली. तिचा चित्रपटाशी थेट संबंध नाही. प्रश्न मात्र एकच आहे.

८/
आता चित्रपटाकडे. भारतीय चित्रपटाचा जन्मच एका धार्मिक अनुभवातून झाला. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली. हे त्यांनी स्वतःच १९१७-१८ च्या सुमारास ‘नवयुग’ मासिकातील लेखांत लिहून ठेवले आहे. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ हे त्याचे फळ.

९/
फाळक्यांच्या पडद्यावरचा देव हा चमत्काराचा देव होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आणि कॅमेऱ्याच्या करामतींनी कालियाचे मर्दन घडले. यंत्राची जादू आणि देवाची लीळा एकच होऊन गेली. जे पुराणात ऐकले होते ते डोळ्यांनी दिसू लागले. देवळात दर्शनाला जाणारा प्रेक्षक तिकीट काढून दर्शनाला जाऊ लागला.

१०/
बोलपटाच्या काळात ‘प्रभात’ने ही दिशा वळवली. १९३५ चा ‘धर्मात्मा’ हा व्ही. शांताराम यांचा एकनाथांवरील चित्रपट. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. गांधीजींशी जोडले जाणारे ते नाव सेन्सॉरला मानवले नाही, म्हणून बदलावे लागले. अस्पृश्याच्या घरी जेवणारे नाथ हा या चित्रपटाचा गाभा. येथे देव भोजनाच्या पंगतीत शोधायचा होता.

११/
पण प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला तो १९३६ चा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, लेखक शिवराम वाशीकर, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सलग ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची गौरवाने दखल घेतली गेली.

१२/
या चित्रपटात चमत्कार भरपूर आहेत. वह्या नदीतून वर येतात, शिवरायांना पकडायला आलेल्या शत्रूला जिकडे तिकडे शिवराय दिसू लागतात, शेवटी वैकुंठाहून विमान येते. तरीही त्याचा खरा आधार जिजाई आहे. मूल आजारी पडले म्हणून हातात पायताण घेऊन विठ्ठलाच्या देवळात शिरणारी, देवाला जाब विचारणारी ही बाई. भाकरीचे काय, हा तिचा प्रश्न विमान येऊनही संपत नाही. तुकोबा वर जातात, ती खाली राहते.

१३/
आणखी एक लक्षणीय गोष्ट. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी अभंगाच्या ढंगात एक गीत लिहिले. ते इतके जमले की अनेकांना ते तुकोबांचेच वाटले. पडदा परंपरा दाखवतो आणि कधी कधी परंपरेत भरही घालतो, याचे हे मासलेवाईक उदाहरण. पुढे १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’, १९४१ चा ‘संत सखू’ आले आणि मराठी संतपटाचा साचा पक्का झाला: छळ, चमत्कार, जयजयकार.

१४/
या साच्यात न बसणारा संत त्याच काळात वऱ्हाडातून महाराष्ट्रभर पायी हिंडत होता. १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत त्याने झाडू हाती घेतला. अंगावर चिंध्या आणि हाती मातीचे फुटके गाडगे. त्यावरून लोकांनीच नाव ठेवले. लोक येण्यापूर्वी गाव झाडायचे आणि रात्री त्याच जागी कीर्तन करायचे, हा पुढचा अर्धशतकाचा दिनक्रम.

१५/
बाबांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतील उलटतपासणी. देव किती, असे ते विचारत. श्रोते म्हणत, एक. मग गावातल्या एकेका देवाचे नाव घेऊन ते आकडा वाढवत नेत आणि शेवटी श्रोतेच हसू लागत. देवळातला दिवा विझला तर देव दिसेल काय, असाही त्यांचा सवाल असे. नवस, पशुबळी, दारू, ऋण काढून सण आणि हुंडा यांवर त्यांचा सारा रोख.

१६/
मात्र त्यांना सरळ नास्तिकांच्या रांगेत बसवणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच कीर्तनात देवकीनंदनाच्या नामाचा गजर घुमत असे आणि संतांच्या अभंगांचा आधार सतत घेतला जाई. देव नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो कोठे शोधायचा याचा पत्ता त्यांनी बदलला. भुकेलेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मुलांना शिक्षण: हीच पूजा.

१७/
हा पत्ता त्यांनी दगडविटांतही लिहून ठेवला. पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा तीर्थांच्या ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, मंदिरे नाही. ज्यांना पंढरपुरात कोणी थारा देत नसे अशांसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पाया पडू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही, आपला कोणी शिष्य नाही, असे सांगत.

१८/
अशा संताचा चित्रपट कसा काढणार? चमत्कार दाखवावा तर त्याच्याच शिकवणीचा भंग. जयजयकार दाखवावा तर तोही त्याला नको होता. १९५४ मध्ये आचार्य अत्रे यांनी यावर अनोखा मार्ग काढला. ‘महात्मा फुले’ या त्यांच्या चित्रपटात त्यांनी खुद्द गाडगेबाबांनाच कीर्तनाला उभे केले. या चित्रपटाचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. पुढे त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

१९/
या प्रसंगाचे महत्त्व थोडे थांबून पाहावे असे आहे. संतांच्या भूमिका नट करत आले होते. येथे संत स्वतः कॅमेऱ्यासमोर आला, आणि तोही स्वतःच्या महात्म्यासाठी नाही, फुल्यांच्या कार्याची साक्ष द्यायला. चमत्कार नाही, वेशभूषा नाही. चिंध्या खऱ्या, आवाज खरा. म्हाइंभटाला जे शब्दांनी जपावे लागले होते, ते येथे फितीवर उतरले.

२०/
दोन वर्षांनी, ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर बाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित केले गेले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २० डिसेंबरला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीत झाली.

२१/
बाबांच्या सहवासात आलेल्या मुलांत परतवाड्याचा एक मुलगा होता: गोपाळ नीळकंठ दांडेकर, जन्म ८ जुलै १९१६. तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून तो स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने बाहेर पडला. भटकंतीत गाडगेबाबांची संगत घडली. पुढे वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, दुर्गांची भ्रमंती. ‘स्मरणगाथा’ या त्यांच्या आत्मकथनाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

२२/
गोनीदांनी ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांच्यावर कादंबऱ्या लिहिल्या आणि गाडगेबाबांचे चरित्रही लिहिले. ते स्वतः श्रद्धावान. परंतु त्यांच्या ज्या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये चित्रपट केला, ती श्रद्धेची परीक्षा घेणारी निघाली. ‘जैत रे जैत’: कर्णाळ्याच्या परिसरातील ठाकर, लिंगोबाचा सुळका आणि त्यावरची राणीमाशी.

२३/
नायक नाग्या भगताचा मुलगा. पुण्यवंत होण्याचा त्याला ध्यास. पुण्यवंताला राणीमाशी दर्शन देते, अशी वाडीची श्रद्धा. तो मनाने, आचरणाने निर्मळ राहतो, आणि माशीच्या दंशाने त्याचा डोळा जातो. मग तो विचारतो: आपले पाप कोणते? हा प्रश्न साधा दिसतो. जगातल्या सर्व धर्मांचे पंडित शतकानुशतके याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. निरपराध माणसाला दुःख का?

२४/
बायबलमध्ये हाच प्रश्न ईयोबाने विचारला. आपल्याकडे पूर्वजन्मीचे कर्म हे त्याचे ठरलेले उत्तर. नाग्या यातले काहीच स्वीकारत नाही. तो लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायला निघतो. चिंधी त्याला साथ देते. डोंगर जिंकला जातो, आणि माश्यांच्या दंशांनी चिंधी जाते. जैत म्हणजे विजय. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या या चित्रपटातला विजय कोणाचा, हे सांगायला कोणताही देव पुढे येत नाही.

२५/
आता ‘देवकीनंदन गोपाला’. बाबांच्या जन्मशताब्दीच्या पुढच्याच वर्षी आलेल्या या चित्रपटाचे नाव त्यांच्या कीर्तनातील नामगजरावरून घेतलेले. दिग्दर्शक राजदत्त विदर्भाचे. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. येथे एक विलक्षण योग जुळून आला. डॉ. लागू हे महाराष्ट्रातील सर्वांत परखड निरीश्वरवाद्यांपैकी एक. परमेश्वराला आता निवृत्त करावे, अशी भूमिका त्यांनी जाहीरपणे मांडली.

२६/
१९३६ मध्ये पागनीस हे मनाने भक्त होते. त्यांच्या भक्तीमुळेच तुकाराम खरा वाटला, असे प्रेक्षक मानत. १९७७ मध्ये देव न मानणारा नट संत झाला आणि तरी विसंगती वाटली नाही. याचे कारण बहुधा गाडगेबाबांच्या विचारातच आहे. ज्या देवाची पूजा अन्न, वस्त्र आणि शिक्षण देऊन होते, त्याच्या भक्ताची भूमिका करायला करुणा पुरेशी आहे. पागनीस आणि लागू यांच्यातले अंतर हेच मराठी संतपटाच्या चाळीस वर्षांच्या प्रवासाचे अंतर.

२७/
१९७७ च्या या तीन उत्तरांकडे एकत्र पाहावे. ‘अमर अकबर अँथनी’ म्हणतो: श्रद्धा असेल तर डोळे परत मिळतात. ‘जैत रे जैत’ म्हणतो: श्रद्धा असूनही डोळा जातो, मग माणसाने काय करावे? गाडगेबाबांची शिकवण म्हणते: समोर आंधळा दिसला तर चमत्काराची वाट न पाहता त्याचा हात धरावा. पहिल्या उत्तराला सर्वांत मोठा प्रेक्षक लाभला. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’नेही तेच सिद्ध केले होते.

२८/
पहिल्या उत्तराला हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्या दृश्यात मुसलमान तरुण शिर्डीच्या बाबांसमोर गातो आणि हिंदू आईचे डोळे उघडतात. फाळणीची जखम वागवणाऱ्या देशाला ते हवे होते. चमत्कार हा पुष्कळदा दुःखी माणसाच्या इच्छेचाच आकार असतो. गाडगेबाबांना हे माहीत होते. म्हणूनच ते श्रोत्यांची थट्टा करत, तिरस्कार मात्र कधी करत नसत.

२९/
२०१० मध्ये नीलेश जळमकर यांच्या ‘डेबू’ चित्रपटात मोहन जोशी गाडगेबाबा झाले. बाबांचे नाव आज अमरावती विद्यापीठाला आहे, ग्रामस्वच्छता अभियानाला आहे. चौकाचौकांत पुतळे आहेत, जयंतीला हार आहेत. पाया पडू न देणाऱ्या माणसाच्या पुतळ्याच्या पाया पडले जाते. झाडू उरला, उलटतपासणी मागे पडली. स्वच्छतेचा संत म्हणून त्यांना स्वीकारणे सर्वांनाच सोयीचे. देव किती, हा त्यांचा प्रश्न गैरसोयीचा.

३०/
खरी जोखीम येथेच आहे. चित्रपट संताला जपतो आणि त्याच वेळी त्याची मूर्तीही घडवतो. फाळक्यांपासून आजपर्यंतचा प्रत्येक संतपट या दोन टोकांमध्ये उभा आहे. महानुभावांनी आठवणी लिहिताना कोणी पाहिले, कोठे पाहिले, हे विचारले. तोच प्रश्न पडद्यावरच्या प्रत्येक संताबाबत विचारता येतो: हा माणूस काय म्हणाला होता, आणि आपण त्याला काय म्हणायला लावत आहोत?

३१/
अचलपूरच्या मुलखाने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. शेंडगावच्या परिटाच्या मुलाने देव माणसात शोधायला सांगितले. परतवाड्याच्या लेखकाने देव गप्प राहिला तर माणसाचे काय होते ते लिहिले. ‘महात्मा फुले’मध्ये बाबांचे ते कीर्तन आजही पाहता येते. ज्यांना गाडगेबाबा केवळ भिंतीवरच्या चित्रातून ठाऊक आहेत, त्यांनी ते एकदा जरूर पाहावे. चेहऱ्याइतकेच त्यातल्या शब्दांकडे लक्ष द्यावे.

(समाप्त) #इतिहास #वऱ्हाड #अचलपूर #मराठीचित्रपट